त्याच भाषेला छडी, त्याच भाषेला क्रेडिट: अमेरिकेतल्या कॉलेजांत स्पॅनिश कशी आली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. माझे ‘अं... अं’ आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट ऑफिसच्या एका कॉलवरून सुरू होते. आमच्या टीममध्ये एकजण टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा आहे. नाव स्पॅनिश, आडनाव स्पॅनिश, चेहऱ्यावरून तर आपल्या सोलापूर-सांगलीकडचाच वाटेल. आता मी बीटेकला असताना एक ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागायचा. जर्मनच्या जागा भरल्या होत्या म्हणून मी स्पॅनिश घेतली. दोन क्रेडिट, आठवड्याला दोन तास. एवढ्या भांडवलावर मी एका संध्याकाळी कॉलवर शायनिंग मारली. ‘बुएनास तार्देस, कोमो एस्तास?’ असं एका दमात म्हणून टाकलं.

तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला, ‘सॉरी, मला स्पॅनिश येत नाही.’

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच येत नव्हती. आजोबा बोलतात, वडिलांना समजते पण बोलता येत नाही, याला दोन्ही नाही. का, तर पन्नासच्या दशकात आजोबांनी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार खाल्ला होता. आपल्या पोरांना तो मार नको म्हणून त्यांनी घरात इंग्रजी सुरू केली. आणि गंमत बघा, याच पठ्ठ्यानं पुढे कॉलेजात दोन सेमिस्टर स्पॅनिश घेतली, ‘परकी भाषा’ म्हणून, फी भरून. पास झाला आणि विसरला.

कॉल संपला, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. ज्या देशात एक भाषा बोलली म्हणून मुलाला मारलं, त्याच देशात ती भाषा कॉलेजात प्रतिष्ठेचा विषय कशी होती? आणि दोन्ही एकाच वेळी? मग वाचायला बसलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात थॉमस जेफरसनपासून. हो, तोच, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक. १७८७ मध्ये तो पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. तिथून त्यानं पीटर कार या आपल्या भाच्याला अभ्यासाबद्दल एक लांबलचक पत्र लिहिलं. आपल्याकडे मामा ‘कोडिंग शिक’ म्हणतो ना, तसं यानं ‘स्पॅनिश शिक’ म्हणून बजावलं. कारणं दोन. एक, पुढे स्पेनशी आणि स्पॅनिश अमेरिकेशी आपला संबंध येणारच आहे, तेव्हा ही भाषा उपयोगी पडेल. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: अमेरिका खंडाच्या बऱ्याच मोठ्या भागाचा जुना इतिहास याच भाषेत लिहिलेला आहे.

म्हणजे जेफरसनला तेव्हाच माहीत होतं की या खंडावर ही भाषा काल-परवा आलेली नाही. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन हे गाव स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलं. इंग्रजांची जेम्सटाउन वसाहत १६०७ ची. बेचाळीस वर्षांचा फरक आहे. तरीही पुढे स्पॅनिश ठरली ‘परकी’ आणि इंग्रजी ‘आपली’.

याच जेफरसनचा एक किस्सा. १७८४ मध्ये जहाजानं युरोपला जाताना एकोणीस दिवसांत, ‘दोन किहोते’ची प्रत आणि एक व्याकरणाचं पुस्तक एवढ्यावर आपण स्पॅनिश शिकलो, असं तो जेवणाच्या टेबलावर सांगायचा. जॉन क्विन्सी अॅडम्सनं हे १८०४ मध्ये आपल्या डायरीत नोंदवून ठेवलं आणि पुढे शेराही मारला: जेफरसनसाहेब लंब्याचवड्या गोष्टी सांगतात! रोजची स्ट्रीक मिरवणाऱ्या सगळ्यांचा हा आद्य पूर्वज समजा.

गमतीचा भाग सोडा. जेफरसननं व्हर्जिनिया विद्यापीठ काढलं, तिथे १८२५ मध्ये वर्ग सुरू झाले, आणि शिकवायच्या आधुनिक भाषांमध्ये स्पॅनिश होती. त्या काळात कॉलेज म्हणजे लॅटिन आणि ग्रीक. जिवंत माणसं बोलतात ती भाषा कॉलेजात शिकायची, ही कल्पनाच नवी होती.

तिकडे उत्तरेला हार्वर्डमध्येही हालचाल सुरू होती. बोस्टनचा अबिएल स्मिथ नावाचा श्रीमंत व्यापारी १८१५ मध्ये वारला. फ्रेंच आणि स्पॅनिशच्या प्राध्यापकपदासाठी त्यानं वीस हजार डॉलर मागे ठेवले होते. ते पद जॉर्ज टिकनॉर या तरुणाला मिळालं. पंचविशीतला मुलगा, वकिली शिकून सोडून दिलेली, युरोपात जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात शिकत होता. म्हणजे आधी ऑफर लेटर, मग स्किल! नेमणूक झाल्यावर तो १८१८ मध्ये माद्रिदला गेला, तिथे भाषा पक्की केली, ढिगानं पुस्तकं घेतली, आणि १८१९ मध्ये हार्वर्डला रुजू झाला.

टिकनॉरनं काम मात्र मन लावून केलं. १८३५ मध्ये त्यानं पद सोडलं आणि १८४९ मध्ये स्पॅनिश साहित्याचा इतिहास तीन खंडांत काढला. त्याचा स्पॅनिश आणि पोर्तुगीज पुस्तकांचा संग्रह आज बोस्टन पब्लिक लायब्ररीत आहे. हार्वर्डला त्याच्या जागी कोण आलं? कवी लाँगफेलो. तोही आधी बोडन कॉलेजातून असाच युरोपला पाठवला गेला होता आणि १८२७ मध्ये स्पेनमध्ये राहून आला होता. परत आल्यावर शिकवायला पुस्तकं नाहीत म्हणून स्वतःच पाठ्यपुस्तकं तयार करत बसला.

आणि तिसरा प्रेस्कॉट. हा टिकनॉरचा मित्र. हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना जेवणाच्या हॉलमध्ये पोरांची दंगामस्ती चालली होती, कुणीतरी पावाचा कडक तुकडा फेकला, तो नेमका याच्या डोळ्यावर बसला. तो डोळा गेला, पुढे दुसराही अधू झाला. १८२४ मध्ये टिकनॉरनं याला आपली स्पॅनिश साहित्यावरची व्याख्यानं घरी वाचून दाखवली. त्यातून याला नाद लागला. सुरुवातीला त्यानं ठेवलेल्या वाचकाला स्पॅनिश कळतच नव्हती. तो नुसते उच्चार करायचा आणि प्रेस्कॉट ऐकून अर्थ लावायचा. त्यातून १८४३ मध्ये मेक्सिकोच्या पाडावाचा जाडजूड इतिहास तयार झाला. हा माणूस मेक्सिकोला कधी गेला नाही. स्पेनलाही नाही.

इथे मी थोडा थांबतो. या तिघांची मेहनत बघून मी खरंच भारावलो. पण एक गोष्ट बघा. त्यांच्यासाठी स्पॅनिश म्हणजे पुस्तकं होती. सेर्वान्तेस, जुनी काव्यं, राजेराण्यांची कागदपत्रं. ती भाषा बोलणारा शेजारी त्यांच्या बोस्टनमध्ये जवळपास नव्हताच. आणि प्रेस्कॉटच्या पुस्तकांतून एक चित्र ठसत गेलं: स्पेन म्हणजे ऐश्वर्य गेलेलं, राजा आणि चर्चच्या ओझ्याखाली बसलेलं, अमेरिका म्हणजे पुढे निघालेली. रिचर्ड केगन या इतिहासकारानं या दृष्टीला प्रेस्कॉटचंच नाव दिलंय. म्हणजे ज्यांनी या संस्कृतीचा अभ्यास कॉलेजात नेला, त्यांनीच ‘ती मागे पडलेली’ हा शिक्काही सोबत नेला.

आता पुस्तकातून बाहेर येऊ. प्रेस्कॉटचा ग्रंथ आल्यावर तीनच वर्षांत, १८४६ मध्ये, अमेरिका आणि मेक्सिकोचं युद्ध सुरू झालं. २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला. मेक्सिकोचा सुमारे निम्मा प्रदेश अमेरिकेला गेला: आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, अॅरिझोना-न्यू मेक्सिकोचा मोठा भाग. टेक्सास आधीच गेलेलं. तिथे राहणारे हजारो स्पॅनिशभाषक झोपले मेक्सिकोत आणि उठले अमेरिकेत. ते कुठेच गेले नव्हते, सीमाच त्यांच्या अंगावरून गेली होती.

सुरुवातीला थोडी शरम होती. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेत कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापायची तरतूद होती. १८७९ च्या नव्या घटनेत ती गेली. पुढे १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध झालं आणि पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आलं. आणखी स्पॅनिशभाषक, आणि त्यांच्या शाळांवरही इंग्रजी लादली गेली.

आता येतं १९१७, या गोष्टीतलं सगळ्यात विचित्र वळण. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, जर्मनीविरुद्ध. त्याआधी अमेरिकेत शिकायची लाडकी भाषा जर्मन होती. १९१५ मध्ये सरकारी हायस्कूलमधली सुमारे २४ टक्के मुलं जर्मन शिकत होती. १९२२ मध्ये हा आकडा एक टक्क्याच्याही खाली आला. अक्षरशः साफ! मुलं गेली कुठे? बरीचशी स्पॅनिशकडे. ३ टक्क्यांच्याही आत असलेली स्पॅनिश त्याच सात वर्षांत ११ टक्क्यांवर गेली. त्यात पनामा कालवा १९१४ मध्ये सुरू झालेला, दक्षिण अमेरिकेशी व्यापार वाढणार म्हणून सगळे खूश. १९१७ मध्येच स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली. ‘हिस्पानिया’ हे तिचं नियतकालिक आजही चालू आहे. त्याच वर्षी मिडलबरी कॉलेजनं उन्हाळी स्पॅनिश स्कूल काढलं. त्याच्या आदल्या वर्षी स्पेनचा विद्वान फेदेरिको दे ओनिस कोलंबिया विद्यापीठात शिकवायला आला.

याच ओनिसच्या ओळखीनं १९२९ मध्ये स्पेनचा कवी फेदेरिको गार्सिया लोर्का कोलंबियात आला, इंग्रजी शिकायला. इंग्रजी तो काही फारशी शिकला नाही. पण न्यूयॉर्कवरच्या ज्या कविता लिहिल्या, त्या आज जगभरच्या स्पॅनिश विभागांत शिकवतात. बॅकलॉगवाल्यांनो, धीर धरा.

तर चित्र असं: कॉलेजांत स्पॅनिशचे सुगीचे दिवस. आणि नेमक्या त्याच काळात, १९१८ मध्ये, टेक्सासनं कायदा केला की सरकारी शाळेत शिकवायचं ते इंग्रजीतूनच, नाहीतर शिक्षकावर गुन्हा. हायस्कूलमध्ये स्पॅनिश एक ‘विषय’ म्हणून शिकवायला मात्र मुभा! म्हणजे गोऱ्या मुलानं स्पॅनिश शिकली तर हुशार. मेक्सिकन मुलगा घरून शिकून आला तर प्रॉब्लेम.

या सगळ्याचा कळस मला एका छोट्या गावात सापडला. टेक्सासमधलं मार्फा. तिथे ब्लॅकवेल स्कूल नावाची शाळा होती, मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली. १९५४ मध्ये तिथे मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश लिहून घेतली, त्या चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या, आणि मैदानात खड्डा खणून त्या पेटीचा अंत्यविधी केला. ‘मिस्टर स्पॅनिश’चं दफन. यापुढे शाळेत ही भाषा मेली. त्यानंतरही बोललात तर लाकडी फळीचे फटके.

सातवी-आठवीची मुलं होती ती. त्यांना स्वतःच्या आईच्या भाषेच्या मयतीला उभं केलं.

माझ्या टीममधल्या त्या माणसाचे आजोबा मार्फाचे नाहीत, पण काळ तोच. आणि ही एकट्या मार्फाची गोष्ट नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगानं नैऋत्येकडच्या पाच राज्यांतल्या शाळांवर अहवाल काढला. त्यात ‘नो स्पॅनिश’ नियमाचं सगळं कच्चं चिठ्ठं आहे. शाळा सुटल्यावर डांबून ठेवणं, मारणं, आणि हो, दंड. स्पॅनिश बोलला की इतके सेंट भर.

दंडाचं वाचलं आणि मला माझी शाळा आठवली. इंग्रजी माध्यमाची. वर्गात मॉनिटरकडे एक वही असायची. मराठीत बोललास की नाव वहीत, आणि शुक्रवारी शब्दामागे एक रुपया. मी एकदा सात रुपये भरले होते, बेंचवरून पडल्यावर ‘आई गं’ म्हटलं त्याचाही त्यात एक होता. तेव्हा आम्हाला ती गंमत वाटायची. कुणी फटके मारले नाहीत, भाषेची मयतही केली नाही, त्यामुळे दोन्ही एकाच मापात मोजायचा माझा हेतू नाही. पण लहान मुलाच्या डोक्यात जे बसतं ते सारखंच असतं: ही घरची भाषा, ती शहाण्या माणसांची. आणि दहा वर्षांनी कॉलेजनं मला स्पॅनिश बोलल्याबद्दल दोन क्रेडिट दिले. मराठीत अजूनही मला जोडाक्षर लिहिताना अडखळायला होतं.

असो. माझं राहू दे, पुढे ऐका, कारण पुढे ही मुलं गप्प बसली नाहीत.

मार्च १९६८. ईस्ट लॉस एंजेलिस. लिंकन, गारफील्ड, रूझवेल्ट अशा हायस्कूलमधून हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मागण्या काय? दोन भाषांतून शिक्षण द्या, पुस्तकांत आमचा इतिहास आणा, आम्हाला सरसकट सुतारकाम-शिवणकामाकडे ढकलू नका, कॉलेजची वाट मोकळी करा. लिंकन हायस्कूलचे साल कॅस्ट्रो नावाचे शिक्षक मुलांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना आणि आणखी बारा जणांना कट रचल्याच्या आरोपाखाली अटक झाली. कॅस्ट्रो सरांना नोकरीवरून दूर केलं, तर लोकांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहात ठिय्या दिला आणि त्यांना परत आणलं. आरोपही पुढे कोर्टात टिकले नाहीत.

पुढच्या वर्षी, एप्रिल १९६९ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. सांता बार्बराला विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले आणि त्यांनी कॉलेजात चिकानो अभ्यास कसा असावा याचा आराखडा तयार केला. आणि तिकडे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी कॅम्पसचा एक भाग ताब्यात घेतला. त्यांच्या पाच मागण्यांपैकी एक मला फार आवडली: जो कुणी शिक्षक व्हायला शिकतोय, त्याला आमचा इतिहास आणि स्पॅनिश भाषा सक्तीची करा. विचार करा, आजवर मुलाला शिक्षकाची भाषा शिकावी लागत होती. आता मुलं म्हणत होती, शिक्षकानं मुलाची भाषा शिकावी.

यातून कॉलेजांत नवे विभाग निघाले: चिकानो अभ्यास, पोर्तोरिकन अभ्यास. टिकनॉरच्या काळापासूनचा स्पॅनिश विभाग पुस्तकांतली संस्कृती शिकवत होता. आता शेतमजूर, धुणीभांडी करणारी आई, सीमा ओलांडून आलेले आजोबा हेसुद्धा अभ्यासाचा विषय झाले.

पण एक अडचण उरली होती, आणि ती बारीक आहे. घरी स्पॅनिश ऐकत वाढलेली मुलं कॉलेजच्या स्पॅनिश वर्गात बसली की काय व्हायचं? नवशिक्यांच्या वर्गात त्यांना कंटाळा यायचा आणि वरच्या वर्गात ती नापास व्हायची. कारण वर्गातली स्पॅनिश माद्रिदच्या पुस्तकाची आणि यांची टेक्सासच्या स्वयंपाकघरातली. ट्रकला हे ‘त्रोका’ म्हणायचे, गाडी लावण्याला ‘पार्केआर’. पेपरात लाल रेघ! म्हणजे शाळेत स्पॅनिश बोललास म्हणून शिक्षा, आणि कॉलेजात ‘ही कसली स्पॅनिश’ म्हणून मार्क कमी. आपल्याकडे मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

१९७२ मध्ये त्या स्पॅनिश शिक्षकांच्या संघटनेनंच अहवाल काढून सांगितलं की अशा मुलांसाठी वेगळे वर्ग हवेत. ग्वादालुपे वाल्देस यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे या विषयाला पाया दिला. आज याला ‘हेरिटेज’ विद्यार्थ्यांचे वर्ग म्हणतात. सूत्र सोपं आहे: मुलाला जे येतं त्यावर पुढचं चढवा, आधीचं पुसायला जाऊ नका.

आता आजचं चित्र. १९७० च्या पाहणीत अमेरिकन कॉलेजांत स्पॅनिशनं फ्रेंचला मागे टाकलं आणि तेव्हापासून ती पहिलीच आहे. २०१६ मध्ये कॉलेजांतल्या स्पॅनिश वर्गांत सुमारे ७ लाख १२ हजार नोंदण्या होत्या. २०२१ पर्यंत त्या ५ लाख ८४ हजारांवर आल्या. एकूणच परकीय भाषांच्या वर्गांतल्या नोंदण्या कमी झाल्या आहेत. देशात चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात, आणि कॉलेजातले वर्ग मात्र ओसरताहेत. शिकवणारे विभाग कधी कोणासाठी होते, हा प्रश्न म्हणून अजून जुना झालेला नाही.

आणि मार्फा? तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये एक कार्यक्रम केला. आता म्हातारे झालेले ते लोक त्या शाळेत जमले आणि त्यांनी जमिनीतून एक स्पॅनिश शब्दकोश उकरून बाहेर काढला. दफन उलटं फिरवलं. २०२२ मध्ये त्या शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करण्याचा कायदा झाला.

हे सगळं मी आमच्या टीममधल्या त्या मित्राला सांगितलं. त्याला मार्फाबद्दल माहीत नव्हतं. तो म्हणाला, रविवारी आजोबांना विचारतो. सोमवारी स्टँडअपच्या आधी त्याचा मेसेज आला. आजोबा तासभर बोलले, त्यातलं अर्धं स्पॅनिशमध्ये, आणि वडील शेजारी बसून त्याला इंग्रजीत सांगत होते. त्यानं ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. मला म्हणाला, दोन-तीन शब्द वडिलांनाही कळले नाहीत, तुला कळतात का बघ. मी ऐकलं. मलाही नाही कळले. दोन क्रेडिटमध्ये तेवढं येत नाही.

तर मंडळी, या भागासाठी तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या शाळेत घरची भाषा बोलल्याबद्दल दंड होता का? मराठी, कोकणी, अहिराणी, गोंडी, कुठलीही. असेल तर एका मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. शाळेचंही सांगू नका. पुरेशा आल्या तर त्यांचाच एक भाग करू.

पुढच्या भागात भेटू. तोवर, आस्ता लुएगो. आणि अर्थातच, येतो!